न मानवणारे अन्न आणि त्याची पारख



जेवणाखाण्याच्या संबंधात आपल्या मराठीत काही शब्द मोठे नेमके आहेत. एखादा म्हणतो, "मला दूध मानवत नाही." दुसरा म्हणतो, "हरभऱ्याची डाळ मला बाधते." तिसरा सांगतो, "कोळंबी खाल्ली की माझ्या अंगावर पित्त उठतं." ऐकणाऱ्याला तिन्ही तक्रारी एकच वाटतात, पण बोलणाऱ्याने नकळत तीन निरनिराळ्या गोष्टी सांगितलेल्या असू शकतात. त्या निरनिराळ्या आहेत हे ओळखावयास वैद्यकशास्त्राला फार काळ लागला. कोणते अन्न कोणाला का सोसत नाही याची पारख माणसाने कशी कशी केली, त्याचा इतिहास आज आपणांपुढे थोडक्यात मांडावा असा विचार आहे. मी इतिहासाचा अध्यापक, डॉक्टर नव्हे. तरीही हा विषय निवडला त्याला कारण घडले ते माझ्या शेजारीच.

मी मुंबईच्या पूर्व उपनगरात, देवनारला राहतो. चेंबूर आणि गोवंडीला लागून असलेली ही वस्ती, पलीकडे खाडी. शहराचा कचरा १९२७ पासून इथे येऊन पडू लागला, १९५४ साली टाटा समाजविज्ञान संस्था इथे आली, आणि १९७१ साली महानगरपालिकेचा मोठा कत्तलखाना सुरू झाला. या कत्तलखान्यात जनावर कापण्यापूर्वी एकदा आणि कापल्यावर पुन्हा एकदा पशुवैद्याने तपासावे असा नियम आहे. अन्न खाण्याजोगे आहे की नाही, हे ठरविण्याची ती रीत. पण समजा, अन्न अगदी निर्दोष आहे आणि खाणाऱ्यालाच ते सोसत नाही. तर मग तपासावयाचे कोणाला आणि कसे?

नेमका हाच प्रश्न घेऊन आमच्या शेजारच्या मावशी एके दिवशी माझ्याकडे आल्या. त्यांचा नातू नऊ वर्षांचा. सकाळी शाळेत गेला की पोट दुखते म्हणून रडायचा. कोणीतरी सांगितले म्हणून त्यांनी एका खाजगी प्रयोगशाळेत त्याचे रक्त तपासून घेतले. महिन्याच्या किराण्याइतके पैसे गेले आणि हाती आली एक रंगीत यादी. दूध, गहू, शेंगदाणे, तूरडाळ, अंडे, केळे. सगळ्यांपुढे तांबडी खूण. मावशी म्हणाल्या, "सर, एवढं वाचून सांगा हो. हे सगळं बंद केलं तर पोराला घालू काय?" त्या वेळी मुलाचे सगळे बंद होऊन तीन महिने झाले होते. नुसत्या भातावर मूल वाळत चालले होते.

त्या कागदाचे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी जरा मागे जाऊ.

आपल्या आयुर्वेदाने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केलेला आहे. चरकसंहितेत 'सात्म्य' असा शब्द येतो. सात्म्य म्हणजे ज्याच्या त्याच्या शरीराला मानवणारे. रोग्याची परीक्षा करताना वैद्याने दहा गोष्टी पाहाव्यात असे चरक सांगतो. त्यांत सात्म्य आहे आणि आहारशक्तीही आहे. आहारशक्ती म्हणजे माणूस किती खातो एवढेच नव्हे, तर खाल्लेले किती पचवितो हेही. रोग ओळखण्याची जी पाच साधने सांगितली आहेत त्यांपैकी एक आहे 'उपशय'. ज्या रोगाची लक्षणे गूढ आहेत, त्यात एखादे औषध, अन्न किंवा वागण्याची रीत देऊन पाहावी. आराम पडतो की त्रास वाढतो, त्यावरून रोग ओळखावा. म्हणजे रोग्याचे शरीर हाच साक्षीदार, आणि वैद्याचे काम त्या साक्षीदाराला नीट प्रश्न विचारण्याचे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ग्रहणी नावाच्या पोटाच्या विकारात चरकाने ताकाची फार थोरवी सांगितली आहे. दुधापेक्षा ताक पोटाला का सोसते, याचा उलगडा पुढे येईल.

तिकडे ग्रीस देशात हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांतही चीजचा दाखला आहे. दुधापासून केलेला हा पदार्थ काहीजण पोटभर खातात आणि त्यांना काही होत नाही, तर काहींना तो बाधतो; तेव्हा दोष चीजचा म्हणावा की माणसाच्या प्रकृतीचा, असा तो विचार. दोन देश, दोन परंपरा; पण निरीक्षण एकच.

यानंतर बराच काळ या बाबतीत नवे फारसे घडले नाही. खरी हालचाल सुरू झाली ती विसाव्या शतकात. १९०६ साली व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 'ॲलर्जी' हा शब्द बनविला. १९१२ साली न्यूयॉर्कच्या ऑस्कर श्लॉस यांनी अंडे, बदाम आणि ओट हे धान्य बाधणाऱ्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्या त्या अन्नाचा अंश त्यांनी मुलाच्या त्वचेवर लावून पाहिला, आणि जे बाधत होते तिथेच गांधी उठली. त्वचेवरची अन्नपरीक्षा रूढ झाली ती इथून.

पण रक्तात असे काय असते की ज्यामुळे गांधी उठते? याचा शोध १९२१ साली ब्रेस्लाऊ शहरात लागला. हाइन्झ क्यूस्टनर नावाच्या डॉक्टरला शिजविलेले मासे बाधत असत. त्याचे सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांनी क्यूस्टनरच्या रक्तातील लस, म्हणजे रक्तातला पातळ भाग, स्वतःच्या पोटाच्या त्वचेत टोचून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. प्राउस्निट्झ यांना मासे कधी बाधत नसत. पण त्या एवढ्याशा जागेवर लालभडक गांधी उठली! दोष रक्तातून दुसऱ्याकडे नेता येतो, हे सिद्ध झाले. तो रक्तातला घटक नेमका कोणता, हे कळावयास मात्र आणखी सुमारे पंचेचाळीस वर्षे गेली. अमेरिकेत काम करणारे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिक या दोन्ही गटांनी १९६६-६७ च्या सुमारास तो स्वतंत्रपणे शोधला. १९६८ साली त्याला 'आयजीई' असे नाव मिळाले.

हे आयजीई म्हणजे गावातला असा जागल्या समजा, की जो भल्या पाहुण्यालाही चोर समजून बोंब ठोकतो. मग सारे गाव काठ्या घेऊन धावते. अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे, दम लागणे, ही सगळी त्या धावपळीची चिन्हे. मासे, कोळंबी, शेंगदाणे, अंडे यांनी काहींच्या बाबतीत असे होते, आणि ते जिवावरही बेतू शकते. हा झाला आपल्या तीन तक्रारींपैकी कोळंबीवाल्याचा प्रकार.

दूध न मानवणाऱ्याची गोष्ट अगदी वेगळी आहे. त्यात जागल्याचा काही संबंध नाही. दुधात दुग्धशर्करा असते, तिला लॅक्टोज म्हणतात. गाईच्या दुधाच्या एका मोठ्या पेल्यात ती सुमारे १२ ग्रॅम भरते. ती फोडणारे पाचकद्रव्य, लॅक्टेज, लहान आतड्याच्या अस्तरात तयार होते. तान्ह्या मुलाला ते भरपूर असते. पण पुष्कळ माणसांत बाळपण सरल्यावर ते कमी होत जाते. मग न फुटलेली शर्करा मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जंतू तिच्यावर ताव मारतात, वायू धरतो, पोट गुरगुरते, दुखते, कधी जुलाब होतात. दह्याताकात जंतूंनी यातली काही शर्करा आधीच संपविलेली असते, आणि दह्यातले ते जंतू उरलेली पचविण्यासही हातभार लावतात. ताकाच्या थोरवीचा उलगडा तो हा.

हे ओळखावयाचे कसे? १९६० च्या दशकात डॉक्टरांनी एक रीत बसविली. उपाशीपोटी ५० ग्रॅम दुग्धशर्करा पाण्यात विरघळवून पाजावयाची आणि दर अर्ध्या तासाने रक्तातली साखर मोजावयाची. शर्करा फुटली तर रक्तातली साखर चढते. शंभर मिलिलिटरमागे २० मिलिग्रॅमही चढली नाही, तर शर्करा फुटली नाही असे समजावयाचे. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे हे काम मुंबईतही त्याच काळात झाले. एच. जी. देसाई, ए. व्ही. चित्रे आणि के. एन. जीजीभॉय या डॉक्टरांनी दुग्धशर्करा पाजून पारख करण्याच्या निरनिराळ्या रीती ताडून पाहिल्या आणि त्यावरचा निबंध १९६७ साली प्रसिद्ध केला. यांपैकी जीजीभॉय पुढे कॅनडात टोरांटोला गेले आणि शिरेवाटे संपूर्ण पोषण देण्याच्या कामात नावाजले गेले.

मुंबईच्या दुधाच्या इतिहासात हा काळ ध्यानात घेण्याजोगा आहे. शहरातल्या गोठ्यांतल्या म्हशी बाहेर नेऊन गोरेगावला आरे दुग्ध वसाहत उभी राहिली ती १९४९ साली. घरोघर चांगले दूध पोचावे यासाठी सरकार झटत होते. त्याच शहरात काही डॉक्टर विचारीत होते की हे दूध पचते किती जणांना? दोन्ही प्रश्न खरे होते आणि दोन्ही लोकांच्या हिताचेच होते.

याच सुमारास, १९६६ साली, अमेरिकेत बाल्टिमोरच्या बेलेस आणि रोझेन्सवाइग यांनी दाखविले की ही पाचकद्रव्याची उणीव गोऱ्या लोकांत थोड्यांना, तर कृष्णवर्णीयांत पुष्कळांना असते. तोपर्यंत पाश्चात्त्य डॉक्टर तिला विकृती समजत. पुढे कळले की जगातील सुमारे दोन तृतीयांश प्रौढ माणसे अशीच आहेत. मोठेपणी दूध पूर्ण पचविणारेच थोडके. आपल्या देशात १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिल्लीकडे शंभरात सुमारे २७ जणांना, तर त्रिवेंद्रम आणि पाँडिचेरीकडे सुमारे ६६ जणांना दुग्धशर्करा सोसत नसल्याचे आढळले. पिढ्यान् पिढ्या गुरे राखणाऱ्या वायव्येकडील लोकांत दूध पचविण्याचा वारसा अधिक, आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे जावे तसा तो कमी होत जातो. तेव्हा दूध न मानवणे हा काही कोणाचा दोष नव्हे.

परंतु त्या ५० ग्रॅमच्या परीक्षेत एक खोच आहे, बरे का. ५० ग्रॅम शर्करा म्हणजे जवळजवळ एक लिटर दूध, तेही उपाशीपोटी, एका दमात! एवढे कोण पितो? म्हणून या परीक्षेत नापास झालेला माणूस जेवणाबरोबर पेलाभर दूध बिनतक्रार पचवू शकतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१० साली बोलाविलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनेही हेच सांगितले की अशा बहुतेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत शर्करा फारशी बाधत नाही. १९६९ पासून पुढे आलेली श्वासाची परीक्षा अधिक सोपी आहे. माणसाचे शरीर स्वतः हायड्रोजन वायू तयार करीत नाही. तो आतड्यातले जंतूच करतात. तेव्हा दुग्धशर्करा पाजल्यावर श्वासात हा वायू वाढला तर शर्करा न पचता खाली उतरली असे समजावयाचे. सुई नको, रक्त नको. पण इथेही अर्थ तोच: परीक्षा 'पचत नाही' एवढेच सांगते, 'किती सोसते' हे सांगत नाही.

आता तिसरा प्रकार, गव्हाचा. हॉलंडमध्ये हेग शहरात विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांच्याकडे पोट फुगलेली, हातपाय काड्यांसारखे झालेली, सतत जुलाब होणारी मुले येत. सीलिॲक हे त्या रोगाचे नाव. डिके यांना १९३० च्या दशकातच गव्हाचा संशय आला होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. पाव मिळेनासा झाला. भुकेने माणसे मरत होती, आणि अशा दिवसांत ही आजारी मुले मात्र सुधारत होती! पाव पुन्हा मिळू लागल्यावर ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी मग एक एक धान्य देऊन आणि काढून, मुलांच्या विष्ठेतली चरबी मोजून, आपला संशय पक्का केला आणि १९५० साली त्यावर प्रबंध लिहिला. पुढे आतड्याच्या अस्तराचा तुकडा काढून पाहण्याची साधने निघाली आणि १९९७ पासून रक्तातली एक भरवशाची खूणही हाती आली. पण ही रक्तपरीक्षा गहू खात असतानाच करावी लागते. आधीच चपाती बंद केली तर खूण पुसली जाते आणि निदान चुकते. आपल्याकडे पुष्कळ लोक आधी गहू सोडतात आणि मग डॉक्टरांकडे जातात. ते उलटे आहे.

डिके यांनी केले ते काय? अन्न काढले, पाहिले, पुन्हा दिले, पुन्हा पाहिले. चरकाचा उपशय याहून फार निराळा नाही. अमेरिकेत आल्बर्ट रो यांनी १९२० च्या दशकात हीच रीत पद्धतशीर बसविली. फरक इतकाच की पुढे तिला मोजमापाची आणि निःपक्षपातीपणाची जोड मिळाली. १९७६ साली डेन्व्हरच्या चार्ल्स मे यांनी अन्न कॅप्सूलमध्ये भरून मुलांना दिले. कोणत्या कॅप्सूलमध्ये अन्न आहे आणि कोणत्यांत नाही, हे रोग्यालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. मनाची समजूत बाजूला पडते आणि शरीर काय म्हणते तेवढेच उरते. अन्नाच्या ॲलर्जीची सर्वांत विश्वसनीय परीक्षा म्हणून आजही हीच मानली जाते.

आता मावशींच्या कागदाकडे येऊ. ती तपासणी 'आयजीजी' नावाच्या रक्तघटकाची होती. नाव आयजीईसारखे, काम वेगळे. आपण जे अन्न नेहमी खातो त्याची शरीर आयजीजीच्या रूपाने नोंद ठेवते. वेशीवरच्या चौकीत येणाऱ्याजाणाऱ्यांची नावे लिहून ठेवावीत, तसेच हे. ती वही उघडून कोणी म्हणू लागला की यातले सगळे चोर आहेत, तर त्याला काय म्हणावे? युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच स्पष्ट सांगितले आहे की अन्न न मानवण्याचे निदान या तपासणीवरून करू नये. यात नवे असे काही नाही. नाडीचे ठोके मोजून अन्नाचा दोष ओळखण्याची रीत विसाव्या शतकाच्या मध्यास निघाली, पांढऱ्या पेशी अन्नाच्या अर्कात मरतात का ते पाहण्याची रीतही त्याच सुमाराची. काही काळ गाजल्या, कसोटीला उतरल्या नाहीत. ज्या पिढीत जे यंत्र नवे, त्या पिढीत त्या यंत्राच्या कागदाचा वचक अधिक.

मावशींना मी माझे मत दिले नाही, बालरोगतज्ज्ञांकडे पाठविले. त्या बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. पोट केव्हा दुखते? रविवारी दुखते का? सकाळी काय घेतो? असे निघाले की शाळेत जाताना मुलाला उपाशीपोटी भला मोठा पेला भरून दूध दिले जाई. मग एक एक अन्न, चार चार दिवसांच्या अंतराने, पुन्हा सुरू झाले. गहू सोसला, शेंगदाणे सोसले, डाळ सोसली, अंडे सोसले. मोठा पेलाभर दूध उपाशीपोटी मात्र सोसले नाही. जेवणानंतर अर्धा कप सोसले, दही तर आवडीने खाऊ लागला. वर्ष सरता सरता त्याचे अंग भरले.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना म्हणून एवढेच सांगावेसे वाटते. वर्गात एखादे मूल दुधानंतर पोट धरून बसले तर त्याला नाटकी म्हणू नका. आणि त्याच्या आईला 'दूध कायमचे बंद करा' असेही सांगू नका. त्याने काय खाल्ले, किती, केव्हा, आणि किती वेळाने त्रास झाला, हे पंधरा दिवस वहीत लिहावयास सांगा. ती वही डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते. जुलाबानंतर काही दिवस दूध न सोसणे तात्पुरते असते, हेही ध्यानात असू द्या. अंगावरचे बाळ असेल तर आईचे दूध कोणाच्या सांगण्यावरून तोडू नये. आणि ज्या मुलाचे खाल्ल्याबरोबर ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात किंवा दम लागतो, त्याच्यावर घरी कसलाही प्रयोग करू नये. त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

ज्याच्या घरात ताटात मुळातच चार पदार्थ आहेत, त्याच्या ताटातून एक पदार्थ काढणे ही लहान गोष्ट नव्हे. जो काढावयास सांगतो, त्याने तो पुन्हा वाढून पाहण्याचीही जबाबदारी घेतली पाहिजे.